सॉर्ट आज्ञा देण्यापूर्वी फाइलीतील क्रमाचा अर्थ पाहावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरे उभी आहेत आणि तेथील नोकऱ्यांवर डोळा ठेवून लिनक्स या संगणक प्रणालीचे प्रशासन शिकवणारे वर्ग ठाण्यात आणि नवी मुंबईत चालतात. अशाच एका वर्गाची छापील टिपणे नुकतीच पाहण्यात आली. प्रणालीच्या कॉन्फिगरेशन फाइली (सेटिंगांच्या फाइली) नीटनेटक्या राहाव्यात म्हणून त्यांतील ओळी कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, सॉर्ट आज्ञेने वर्णानुक्रमे लावाव्यात, असा सरसकट सल्ला त्यांत आहे. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे आणि त्यासाठी दिलेली आज्ञा तर साफ चुकीची आहे.

आधी आज्ञेविषयी. सॉर्टचे उत्तर 'मोठे आहे' या चिन्हाने (>) त्याच फाइलीत वळवा, असे टिपणांत म्हटले आहे. शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, मात्र सॉर्ट सुरू होण्यापूर्वीच ती फाइल रिकामी करते, त्यामुळे सॉर्टच्या हाती वाचण्यासारखे काही उरत नाही आणि मूळ मजकूर जातो. याच कामासाठी सॉर्टला 'ओ' हा पर्याय आहे. त्यात आधी सारे वाचून मगच लिहिले जाते. तरीही मध्येच यंत्र बंद पडले तर धोका राहतो, म्हणून वेगळ्या फाइलीत लिहून, दोन फाइलींची तुलना करणाऱ्या डिफ आज्ञेने फरक पाहून मग ती मूळ जागी आणणे श्रेयस्कर.

त्याहून गंभीर प्रश्न असा की क्रम बदलल्याने अर्थ बदलतो की नाही, हे त्या फाइलीचे वाचन करणारा प्रोग्राम ठरवतो. कोणाला प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवता येतात हे ठरवणाऱ्या सूडोअर्स फाइलीत एकाच वापरकर्त्याला अनेक नियम लागू होत असतील तर शेवटचा नियम चालतो. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये याच्या नेमके उलट, एखाद्या पर्यायाची पहिली किंमत ग्राह्य धरली जाते. शिवाय तेथे 'मॅच' या ओळीखालच्या सूचना पुढच्या 'मॅच'पर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत फक्त त्या अटीपुरत्याच असतात, त्यामुळे अशी फाइल वर्णानुक्रमे लावली तर अटी आणि सूचना यांची ताटातूट होते. सूडोअर्स फाइल संपादित करण्याची व्हिसूडो ही आज्ञा लिखाणातील चूक पकडते, पण ओळींची अदलाबदल होऊन नाकारलेली परवानगी पुन्हा मिळाली, तर तिला त्यात काहीच वावगे दिसत नाही. वापरकर्त्यांची नावे व क्रमांक असलेल्या पासवर्ड फाइलीत एकच क्रमांक दोन नावांना दिलेला असेल, तर फाइलींच्या मालकीच्या यादीत आधी आलेले नाव दिसते. ती फाइल लावायचीच असेल तर वापरकर्ता क्रमांकानुसार लावणारी पीडब्ल्यूसीके ही आज्ञा 'एस' पर्यायासह उपलब्ध आहे. प्रणालीच्या गाभ्याची सेटिंगे ठेवणाऱ्या सिसकंट्रोलच्या निर्देशिकेत (फोल्डरमध्ये) तर फाइलींच्या नावांचाच क्रम चालतो आणि नंतरची फाइल आधीच्या फाइलीतील किंमत रद्द करते. तेथे '9' ने सुरू होणारे नाव '10' च्या नंतर येते, कारण तुलना अंकांची नव्हे, अक्षरांची असते. म्हणून '09' लिहावे.

ज्या याद्यांत क्रमाला अर्थ नाही, उदाहरणार्थ स्थापित करायच्या पॅकेजांची यादी किंवा मान्य शेलांची फाइल, त्या जरूर लावाव्यात. दुबार नोंद चटकन दिसते आणि दोघांनी केलेले बदल ताडून पाहणे सोपे जाते. तेथेही नियम एकच हवा. भाषेच्या सेटिंगनुसार सॉर्टचा क्रम बदलतो. 2018 मध्ये जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीच्या 2.28 या आवृत्तीत तर तेच सेटिंग असूनही क्रम बदलला आणि पोस्टग्रेस डेटाबेसच्या अनुक्रमणिका (इंडेक्स) नव्याने बांधाव्या लागल्या. म्हणून भाषेचे सेटिंग ठरवणाऱ्या 'एलसी ऑल' या चलाची किंमत 'सी' ठेवून शुद्ध बाइटक्रमाने, म्हणजे अक्षरांच्या संगणकीय संकेतांकांच्या क्रमाने, लावावे. (त्या क्रमात आपला 'ळ' हा 'ह'नंतर न येता 'ल'च्या पाठोपाठ येतो, यंत्राने वाचायच्या फाइलीत एवढे चालवून घ्यावे.) बाइटक्रमात टिप्पणीची ओळ सुरू करणारे हॅश चिन्ह (#) सर्व अक्षरांच्या आधी येत असल्याने टिप्पण्या वर गोळा होऊन आपापल्या ओळींपासून तुटतात, तेव्हा संपूर्ण फाइल न लावता व्हीआय या मजकूर संपादित करण्याच्या प्रोग्राममध्ये हवा तेवढाच भाग निवडून सॉर्टमधून गाळून घेणे चांगले.

आणखी एक बाब टिपणांत मुळीच नाही. एमकेटेम्प या आज्ञेने केलेली तात्पुरती फाइल फक्त तिच्या मालकाला वाचता येते. ती तशीच संगणकांची नावे व पत्ते असलेल्या होस्ट्स फाइलीच्या जागी हलवली की रूटला, म्हणजे मुख्य प्रशासकाला, सारे ठीक दिसते, पण इतर वापरकर्त्यांना ती वाचता येत नाही आणि त्यांच्या प्रोग्रामांना त्यातील नावे सापडेनाशी होतात. मालकी आणि परवानग्या आधी मूळ फाइलीप्रमाणे करून घ्याव्या लागतात. मजकूर बदलणाऱ्या सेड आज्ञेचा 'आय' पर्यायही फाइल बदलून नवी ठेवतो, त्यामुळे तेथे सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद) असेल तर ती लिंक जाऊन साधी फाइल उरते. उबंटू या लिनक्सच्या प्रकारातील, नावांचे पत्ते शोधणारे सर्व्हर नोंदवणारी रिझॉल्व्ह फाइल अशीच लिंक असते.

हजारो रुपये शुल्क घेणाऱ्या वर्गांनी ही टिपणे तातडीने तपासावीत. सॉर्टची आज्ञा शिकवण्याआधी मॅन पानावर (प्रणालीतील माहितीपुस्तिकेच्या पानावर) फाइलीतील क्रमाविषयी काय लिहिले आहे ते विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावे, आणि हा सराव चालू सर्व्हरवर न करता फाइलीच्या प्रतीवर करून घ्यावा, एवढीच विनंती आहे.

आपला,
एक सिस्टीम प्रशासक,
ऐरोली, नवी मुंबई