कासवाच्या पाठीवरचे कासव म्हणजे मैत्री नव्हे

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

काल रविवारच्या पुरवणीत आलेला, एकटे कासव झुरते म्हणून ते जोडीने ठेवावे असे सांगणारा 'कासवालाही हवी सोबत' हा लेख आणि त्याबरोबरचे छायाचित्र पाहून हे पत्र लिहायला बसले आहे. छायाचित्रात विटेवर बसलेल्या मोठ्या कासवाच्या पाठीवर एक लहान कासव चढून बसले आहे आणि खाली एकच शब्द छापला आहे, 'जिवलग'. लेखाविषयीही माझे म्हणणे आहेच, पण तो एक शब्द मला रात्रभर टोचत राहिला. नेमके हेच दृश्य आम्ही आमच्या डोंबिवलीच्या घरात चार-पाच महिने कौतुकाने पाहिले, त्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले, आणि त्याचा खरा अर्थ कळेपर्यंत एका मुक्या जिवाचे व्हायचे ते हाल होऊन गेले होते.

माझ्या मुलीच्या वाढदिवसाला 2011 साली धाकट्या दिरांनी डोळ्यामागे लाल पट्टा असलेले, रुपयाच्या नाण्याहून जेमतेम मोठे असे हिरवे कासव आणले. ते पाच वर्षे एकटेच वाढले आणि उत्तम वाढले. सकाळी गॅलरीत ऊन आले की ते विटेवर चढायचे, मागचे दोन्ही पाय लांब ताणून त्यांची बोटे पंख्यासारखी फाकवायचे आणि मान बाहेर काढून तासभर निवांत पडून राहायचे. सुकटीच्या डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज आला की धडपडत काचेपाशी यायचे. त्याला काही उणे आहे असे त्या पाच वर्षांत कुणालाही वाटले नव्हते.

2016 च्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. त्यानंतर सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, आपली खुर्ची गॅलरीत काचेच्या टाकीशेजारी ओढून दुपारभर तिथेच बसू लागले. एक दिवस मला म्हणाले, "सूनबाई, एकटं राहणं फार वाईट गं. ह्याला एक जोडीदार आणून द्या." त्यांना नाही म्हणणे आमच्यापैकी कुणालाच शक्य नव्हते. यजमान दुकानात गेले, तेव्हा दुकानदारानेही तुमच्या लेखात आहे तेच शब्दाला शब्द सांगितले, की कासव जोडीने ठेवावे, एकटे कासव झुरून मरते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात दुसरे कासव घरी आले. ते पहिल्यापेक्षा लहान, तळहाताएवढे, पण चपळ होते आणि त्याच्या पुढच्या पायांची नखे विलक्षण लांब होती. लांब नखे ही नराची खूण असते आणि आमचे पहिले कासव मादी आहे, हे आम्हाला पुढे डॉक्टरांनी सांगितले.

दोनच दिवसांत लहान कासव मोठ्याच्या पाठीवर चढून बसू लागले. अण्णांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू दिसले. पुढे ते लहान कासव पाण्यात मोठ्याच्या तोंडासमोर येऊन पुढचे दोन्ही पाय ताठ करायचे आणि ती लांब नखे त्याच्या गालांजवळ भरभर थरथरवायचे. आम्ही म्हटले, बघा कसे गालावरून हात फिरवते आहे. मोठे कासव मान आत ओढून मागे सरकायचे, हेही आम्हाला दिसत होते, पण त्याला आम्ही लाजणे म्हटले. फेब्रुवारीपासून ते पाण्यात उतरेनासे झाले. ते दिवसरात्र विटेवरच बसून असायचे. या जातीच्या कासवाला पाण्याबाहेर घास गिळता येत नाही, त्यामुळे विटेवर बसून राहणे म्हणजे उपाशी राहणे, हे आम्हाला माहीत नव्हते. मार्चमध्ये एका सकाळी टाकीचे पाणी बदलताना मी त्याला उचलले तेव्हा मानेच्या मागच्या कातडीवर पांढरट जखमा दिसल्या, मागच्या उजव्या पायाच्या बोटांमधला पडदा फाटलेला होता आणि त्या पायाचे एक नख मुळासकट गेलेले होते.

मुंबईतल्या ज्या पशुवैद्यांकडे आम्ही धावलो, त्यांनी औषध लिहून देण्याआधी एकच प्रश्न विचारला, "टाकीत किती आहेत?" दोन म्हटल्यावर ते म्हणाले, आज घरी गेल्यावर पहिले काम, दोघांना वेगळे करा, आणि एकमेकांना दिसणारही नाहीत असे ठेवा. आम्ही धाकट्याला प्लास्टिकच्या मोठ्या टबात हलवले आणि मध्ये पुठ्ठा उभा केला. नवव्या दिवशी मोठीने पाण्यात उतरून सुकट खाल्ली. नख पुन्हा आले नाही, पायाच्या पडद्याला खाच कायमची राहिली, पण ती आजही आमच्याकडे आहे, एकटी आहे, आणि ऊन आले की पूर्वीसारखेच पाय ताणून पडते.

पाठीवर चढून बसण्याचा अर्थ डॉक्टरांनी समजावला तो असा. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते, आणि पुरेशी ऊब मिळाली नाही तर खाल्लेले अन्नही नीट पचत नाही. घरातल्या टाकीत उबेची जागा एकच असते, ती वीट किंवा तो दिव्याखालचा दगड. दुसरे कासव आले की ती जागा बळकावण्याची चढाओढ सुरू होते. जे वर चढते त्याला ऊन मिळते आणि खालचे त्याच्या सावलीत अडकते. तुमच्या छायाचित्रात 'जिवलग' दिसतात ते हेच आहे. नखे थरथरवणे ही नराची मादीमागे लागण्याची रीत आहे. तळ्यात मादी दूर निघून जाऊ शकते, पण तीन फुटांच्या काचेच्या पेटीत तिने कुठे जायचे?

लेखकाने आपल्या म्हणण्याला आधार म्हणून पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरच्या 'लोनसम जॉर्ज' (एकाकी जॉर्ज) या महाकाय कासवाचे उदाहरण दिले आहे, जणू सोबत न मिळाल्याने ते कासव दुःखात मेले. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. तिथल्या पिंटा बेटावर 1971 साली ते सापडले तेव्हा त्याच्या जातीचे ते शेवटचे उरले होते, कारण खलाशांनी त्या बेटावरची कासवे जहाजांवर नेऊन खाल्ली होती आणि 1959 मध्ये सोडलेल्या बकऱ्यांनी तिथला झाडपाला फस्त केला होता. त्याला सांताक्रूझ बेटावरच्या संशोधन केंद्रात आणून ठेवले, आणि पुढे त्याच्या नात्यातल्या जातीच्या माद्या वर्षानुवर्षे त्याच्याच आवारात ठेवल्या. त्याने त्यांच्याकडे बहुतेक काळ ढुंकूनही पाहिले नाही. 2008 मध्ये एका मादीने अंडी घातली, पण ती फोल निघाली, आणि 24 जून 2012 रोजी जॉर्ज मेला. त्याला सोबत नव्हती असे म्हणताच येत नाही. 'लोनसम' हे विशेषण माणसांनी लावलेले आहे. आपल्याकडेही कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात 2006 च्या मार्चपर्यंत एक महाकाय कासव होते. ते 1875 पासून तिथे राहत होते. त्याचे नाव 'अद्वैत' होते, म्हणजे ज्याला दुसरे नाही असा, आणि एवढे दीर्घायुष्य त्याला त्या नावासकट लाभले.

कासवे घोळक्यात दिसतच नाहीत असे माझे म्हणणे नाही. हिंदी महासागरातल्या अल्दाब्रा बेटांवर लाखभर महाकाय कासवे आहेत आणि दुपारी एकेका झाडाखाली ती दाटीवाटीने पडलेली असतात. पण तिथे भर दुपारी उघड्यावर राहिलेले कासव उन्हाने मरू शकते, म्हणून सगळी त्या सावलीला येतात, एकमेकांकडे नव्हे. आमच्या टाकीत विटेसाठी जे चालले होते, तेच तिथे सावलीसाठी चालते. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर आम्ही दोनदा गेलो आहोत. रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घातली की समुद्री कासवाची मादी त्याच रात्री समुद्रात परत जाते, आणि दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडलेली पिल्ले आईला कधी पाहतच नाहीत, भावंडांसाठी थांबत नाहीत, ज्याचे ते पाण्याकडे चालू लागते. जमिनीवरच्या युरोपीय कासवांच्या नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लांवर 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले, की ओळखीच्या पिल्लाची ती फारशी दखल घेत नाहीत आणि अनोळखी पिल्लापासून दूर जातात. ज्या प्राण्याची सुरुवातच अशी होते, त्याला टाकीत एकटे ठेवले म्हणून 'उदास' ठरवण्याआधी लेखकाने एखाद्या जाणकार पशुवैद्याला विचारायला हवे होते. सुस्त पडलेल्या कासवाला बहुतेक वेळा थंडी वाजत असते, ऊन मिळत नसते किंवा पाणी घाण झालेले असते. अशा वेळी दिवा आणि फिल्टर आणावा, दुसरे कासव नव्हे.

मोठे तळे असेल, ऊन खायला पाच-सहा जागा असतील, आडोसे असतील, तर काही जातींची कासवे एकत्र राहतात, हे मला मान्य आहे. पण तुमचे वाचक सदनिकांमध्ये राहतात, आणि सदनिकेतल्या टाकीत दोन ही सर्वांत वाईट संख्या आहे, कारण दांडगाई करणाऱ्याला दुसरे कुणी सापडतच नाही. सारा त्रास त्या एकट्याच्या वाट्याला येतो.

आता त्याच लेखातल्या शेवटच्या चौकटीविषयी. 'लाल कानाच्या कासवाला सोबत म्हणून चांदण्यांच्या नक्षीचे कासवही चालेल' आणि 'सांभाळणे झेपेना झाले तर जवळच्या तळ्यात सोडावे' ही दोन्ही वाक्ये वाचून मी अक्षरशः हादरले. चांदण्यांचे कासव जमिनीवर राहणारे आहे, खोल पाण्यात टाकले तर ते बुडून मरते. शिवाय ते घरी ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. 2019 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली आणि 2022 च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात त्याला सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत घातले आहे. लाल कानाचे कासव, म्हणजे आमच्याकडे आहे तेच, मूळचे अमेरिकेतले. ते आपल्या तळ्यांत सोडले की इथल्या कासवांच्या उन्हाच्या जागा आणि अन्न बळकावते, आणि याच कारणाने युरोपीय संघाने 1997 मध्ये त्याची आयात बंद केली. आमच्या दुकानदारानेही धाकटे कासव परत घ्यायला नकार देऊन "देवळाच्या तळ्यात सोडा, पुण्य लागेल" असेच सांगितले होते. आम्ही सोडले नाही. गेली कित्येक वर्षे आमच्या गॅलरीत एक टाकी आणि एक टब आहे, दोन दिवे, दोन फिल्टर, आठवड्यातून दोनदा दोन्हीकडचे पाणी बदलणे, आणि ही कासवे तीस-तीस वर्षे जगतात. 'जोडी आणा' असे लिहिताना हा सगळा हिशेब वाचकाला सांगणे तुमच्या लेखकाचे कर्तव्य होते.

अण्णा 2021 मध्ये गेले. दोघांना वेगळे केल्यावर काही दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते. मग एका दुपारी त्यांनी आपली खुर्ची स्वतःच सरकवून टाकी आणि टबाच्या मधोमध ठेवली आणि शेवटपर्यंत ती तिथेच ठेवली. मोठीला सुकट तेच घालायचे आणि ती पाण्यात उतरून खाते आहे ना, हे वाकून पाहायचे.

माझी विनंती एवढीच आहे, की त्या छायाचित्राखालच्या ओळीची आणि शेवटच्या चौकटीची दुरुस्ती पुरवणीत नव्हे, मुख्य अंकात, आणि येत्या रविवारच्या आत छापावी. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत गर्दी रविवारीच होते, आणि काल तो लेख वाचलेल्या कित्येक घरांत या आठवड्यात दुसरे कासव आणण्याचे ठरत असेल.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)