आक्का, त्या नवव्या ताटाबद्दल

ती. आक्कांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दामच उघडं लिहितोय. समोर येऊन आभार मानले तर तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणून पदराला हात पुसत आत निघून जाल. शिवाय यातलं काही नाटक करणाऱ्या, गोष्टी लिहिणाऱ्या इतरांच्याही कामी पडेल.

एकांकिकेचा विषय तुम्हाला पहिल्यांदा सांगितला तेव्हा तुम्ही बट्टीचं पीठ मळत होतात. ताऱ्याताऱ्यांत पसरलेला एक पंथ. त्याची माणसं तापीकाठच्या एका गावात उतरतात. भुकेल्याला जेवण, आजाऱ्याला औषध, अनाथ पोराला शाळा, सगळं फुकट, जात-धर्म न विचारता. पंथातली माणसं ढोंगी नाहीत, मनानं खरोखर चांगली आहेत. पण या सगळ्यामागं, त्यांच्याही नकळत, कुणीतरी आहे. त्याला माणसाच्या भाषेत नाव नाही, डोळ्यांत मावेल असं रूप नाही, आणि या चांगुलपणावर ते पोसलं जातंय. तुम्ही मळता हात न थांबवता अहिराणीत विचारलंत, "मंग तो खास काय?" तो खातो काय, एवढाच प्रश्न.

तोवर हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. याआधी दोन जाणकारांकडे संहिता गेली होती. एकांनी मानधन आधी घेतलं, संहिता महिनाभर ठेवून घेतली आणि समासात 'भय वाढवा' हे दोन शब्द लिहून परत केली. दुसरे तालमीला अर्धा तास बसले आणि शेवटी पडद्याआडून थर्माकोलच्या दहा फुटी सोंडा बाहेर काढा म्हणाले. नावं घेत नाही. पण राग आहे, तो लपवत नाही. सोंड दिसली की प्रेक्षक सुटतो. त्याला कळतं की हा राक्षस आहे, रंगवलेला आहे, आणि आता कुणीतरी त्याला मारणार. ज्याचा आकारच कळत नाही, त्याची भीती वेगळी असते. ती हिशेबातून येते. काहीतरी मोजायला बसावं आणि दर वेळी एक जास्त भरावं, अशी.

पंथ रंगमंचावर खरा वाटायचा तर त्याचा क्रम नीट लागावा लागतो. पहिल्या भेटीत तो काहीच मागत नाही, फक्त देतो. दुसऱ्या भेटीत एक लहानसं काम सांगतो. पाणी भरा, पत्रावळी मोजा, असं. कामामुळे माणसाला वाटतं की आपणही यातले. मग नवं नाव येतं. मग झोप कमी होते, कारण पहाटेची प्रार्थना असते. घरी जाणं कुणी बंद करत नाही, फक्त घरी जायच्या वेळेला नेमकं काहीतरी महत्त्वाचं निघतं. आमच्या पहिल्या खर्ड्यात पंथप्रमुख पहिल्याच प्रवेशात गूढ हसायचा. ती मोठी चूक होती. तुम्ही म्हणालात, वाढणारा कधी असा हसत नाही, त्याचं लक्ष ताटाकडे असतं. त्या एका वाक्यानं प्रमुखाचं पात्र बदललं. आता तो सबंध एकांकिकेत कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, फक्त ताटात काय संपलंय ते बघतो. प्रेक्षकाला तो आवडतो. आवडलाच पाहिजे.

तुम्हाला हेवन्स गेट या पंथाची हकिकत सांगितली होती, आठवतं? मार्च १९९७, अमेरिकेतलं कॅलिफोर्निया. हेल-बॉप धूमकेतूच्या मागं आपल्याला न्यायला यान येतंय या विश्वासावर ३९ माणसांनी जीव दिला. त्याच सुमारास आपल्याकडेही लोक संध्याकाळी गच्चीवरून तोच धूमकेतू साध्या डोळ्यांनी बघत होते. त्या मंडळींनी यान बघायला दुर्बीण विकत घेतली होती. धूमकेतू दिसला, यान दिसलं नाही, म्हणून त्यांनी दुर्बीण दुकानात परत केली. सगळे आम्हाला या दुर्बिणीबद्दल विचारतात. तुम्ही विचारलंत ते त्यांच्या जेवणाबद्दल. जायच्या आधी ते सगळे एका हॉटेलात गेले होते आणि सगळ्यांनी एकच जेवण मागवलं होतं, हे ऐकून तुम्ही म्हणालात, "एवढ्या माणसांत एकानंही मला हे नको म्हटलं नाही?" त्या प्रश्नातून पुढचं सगळं सुचलं.

आता अंतराचा भाग. हा आमच्याकडे आधीपासून होता, पण तो कुठं बसवायचा ते तुमच्यामुळे कळलं. पंथ सांगतो की आमचा पालनकर्ता प्रॉक्झिमा ताऱ्यापाशी राहतो. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा तोच, अंतर सुमारे ४.२ प्रकाशवर्षं. म्हणजे इथून प्रश्न विचारला तर उत्तर यायला कमीत कमी साडेआठ वर्षं लागतील. प्रकाशापेक्षा वेगानं निरोप जात नाही. पण पंथाला उत्तर रातोरात मिळतं. पंगतीत बसलेली शाळकरी मुलगी पाटीवर वेळ लिहिते. पहिल्या प्रवेशात 'आठ तास'. निरोपाला जायला चार, यायला चार, म्हणजे उत्तर देणारा जेमतेम नेपच्यूनच्या कक्षेइतका दूर. दुसऱ्या प्रवेशात 'पाच मिनिटं', एका आरतीचा वेळ. शुक्र आपल्या सर्वांत जवळ येतो साधारण तेवढं अंतर. तिसऱ्यात 'अडीच सेकंद', म्हणजे चंद्र, ३,८४,४०० किलोमीटर. चौथ्यात प्रश्न पुरा व्हायच्या आधीच उत्तर येतं, आणि मुलगी पाटी पुसून टाकते. तिनं एकदाही हिशेब समजावून सांगायचा नाही. सांगितला की तो विज्ञानाचा तास होतो आणि मागच्या रांगेतले फोन बाहेर निघतात. ज्याला कळेल त्याला कळेल, त्याच्या शेजारचा त्याचा चेहरा बघून घाबरेल.

मग ते जवळ येणारं काहीतरी दाखवायचं कसं, हा पेच होता. आम्ही आधी ताटातलं वरण आपोआप कमी होताना दाखवायचा घाट घातला. स्टीलच्या ताटाला भोक, खाली नळी, पाटाच्या आत पंप. तीन गोष्टी बिघडल्या. डाळ नळीत अडकली, पंपाचा सुर्र आवाज पहिल्या पाच रांगांना ऐकू गेला, आणि तालमीला बसलेले लोक हसले. गाळलेलं वरण वापरलं तर ते पाण्यासारखं दिसायचं.

त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसाठी वरण-बट्टी आणली होती. गव्हाचं जाडसर दळलेलं पीठ, त्यात थोडं मक्याचं, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. उंडे वाफवून, पूर्ण गार करून मगच कापलेले, कारण गरम असताना सुरी घातली की भुगा होतो, आणि मग तुपात तळलेले. आठ जण होते. मोजताना चूक होऊन ताटं नऊ मांडली गेली. एक पोरगा जास्तीचं ताट उचलायला वाकला, तर तुम्ही म्हणालात, "राहू दे. हाई ताट कोनं शे?" हे ताट कुणाचं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत पळा उचलून त्या रिकाम्या ताटात वरण वाढलंत. वाढून थांबलात. जरा वाकून, मान कलती करून, जसं कुणी 'पुरे' म्हणायची वाट बघतात तसं. आवाज आला नाही. तुम्ही परत वाढलंत. परत थांबलात.

वाढणारा 'पुरे' ऐकल्याशिवाय थांबत नाही, हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत आहे. ते ताट 'पुरे' म्हणतच नव्हतं. अर्धा लिटरहून थोडं जास्त वाढेपर्यंत खोलीत गंमत होती. नंतर नाही. बाराव्या पळ्याला वरण काठावरून सतरंजीवर उतरलं, तेव्हा कुणी श्वास घेत नव्हतं. सोंडा नाहीत, पंप नाही. अन्न कमी करायचंच नव्हतं, आम्ही उलटीकडून विचार करत होतो.

पण आक्का, हे पत्र त्यासाठी नाही. कल्पना कुणीही देतं. पाटीवाली मुलगी अकरा वर्षांची आहे. ती भिंतीला जाऊन चिकटली होती आणि त्या ताटाजवळच्या जागेवर बसेना. आम्ही सगळे 'काय भारी झालं' म्हणत एकमेकांना टाळ्या देत होतो, तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तुमचं होतं. तुम्ही सांडलेलं पुसलंत, त्याच नवव्या ताटावर मांडी घालून बसलात, बट्टी कुस्करलीत आणि जेवायला लागलात. तिला म्हणालात, "अन्न शे बेटा." अर्धी बट्टी तिच्या हातावर ठेवलीत. ती तुमच्या गुडघ्याला टेकून बसली आणि त्याच ताटात जेवली. त्या दिवसापासून ती ते ताट स्वतः मांडते.

भीती बनवणं आम्हाला जमत होतं. ती बनवल्यावर त्या जागेवर जाऊन आधी आपण बसायचं असतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मोठी फी घेणाऱ्यांच्या तर नाहीच नाही.

त्यानंतर आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांचा, म्हणजे नैवेद्याचा, विषय तुम्हीच काढलात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, घरातले पुरुष मोजून दर माणशी सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचे. तिथंही माणसं मोजली जातात. पण कुणाच्या नावानं किती घेतलं ते सगळ्या घराला ठाऊक असतं. आमच्या पंथात पीठ बंद दाराआड मोजतात. हा फरक तुम्ही दाखवलात आणि एकांकिकेचा कणा सरळ झाला. तुम्ही कितीतरी भंडाऱ्यांचा स्वयंपाक केलाय, पण किती डाळ आली, किती उरली हे तुम्ही दारातच सांगता, कुणी विचारो न विचारो. अशी माणसं गावोगाव आहेत. त्यांच्या नावाची कोनशिला कुठं बसत नाही आणि त्यांच्यावाचून एक पंगत उठत नाही.

आता माणशी पावणेदोनशे ग्रॅम पीठ, आठ जणांना १ किलो ४०० ग्रॅम, हा आकडा पहिल्या प्रवेशात स्वयंपाकी मोठ्यानं म्हणतो. दुसऱ्यात माणसं तीच आणि आकडा १ किलो ५७५. फक्त एका माणसाचा फरक, कुणाच्या ध्यानात येत नाही. तिसऱ्यात पावणेदोन. चौथ्यात पाच किलो, आणि तो आकडा म्हणताना स्वयंपाकी अडखळत नाही. आधी आम्ही दुसऱ्याच प्रवेशात पाचावर उडी मारली होती, लोक हसले. आधीच्या दोन पायऱ्या इतक्या लहान पाहिजेत की शेवटच्या आकड्याला मागं जाऊन मोजावंसं वाटेल.

नववं ताट रांगेच्या टोकाला ठेवलं तर नटांची चूक वाटते. मधोमध ठेवलं तर देवाचा नैवेद्य वाटतो, लोक मनातल्या मनात हात जोडतात आणि भीती जाते. म्हणून डावीकडून तिसरं. दोन्ही बाजूंच्या नटांनी वीतभर सरकून बसायचं, पण तिकडं बघायचं नाही. वरणाची वाफ समोरच्या उजेडात दिसतच नाही, म्हणून एक पिवळा दिवा मागून, खालून. पातेल्याचं झाकण वाढायच्या क्षणीच काढायचं. नाट्यगृहात जाळ चालत नाही, तेव्हा बट्ट्या बाहेर तळून कडीच्या डब्यात आणतो, तुपाचा वास तेवढ्यानंही पुरतो. सतरंजीखाली प्लास्टिक अंथरलंय, नाहीतर सांडलेल्या वरणावरून पुढच्या प्रवेशात कुणीतरी घसरणार. आवाज म्हणून घरोट्याची, म्हणजे जात्याची, घरघर ध्वनिमुद्रित करून मंद केली आहे, यानाचा आवाज आणि घरोट्याचा आवाज एकच. प्रेक्षकाला ओळखीचा वाटतो आणि कुठून येतोय ते सांगता येत नाही.

शेवटी काय होतं ते इथं लिहीत नाही. एवढंच की मुलगी उठते, त्या ताटावर जाऊन बसते आणि 'पुरे' म्हणते. हा शेवट तुमचाच आहे, आम्ही फक्त उतरवून घेतला.

तुमचा पितळी पळा अजून आमच्याकडे आहे. त्याचा दांडा थोडा वाकलाय, तो सरळ करून आणतो. पहिला प्रयोग झाला की विंगेमागं सगळे जेवायला बसणार आहोत. नट आठ आहेत, पीठ १ किलो ५७५ ग्रॅम भिजवतोय. उशीर करू नका.

तुमचीच,
एकांकिकेतली सगळी मंडळी
अमळनेर