घोडी बाजारात पळाली, घरी येऊन लंगडली

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात रेसच्या घोड्यांवर बातमी होती, मथळा होता 'घोड्याला नशेचं औषध'. राग मानू नका साहेब, पण त्या बातमीतली औषधं नशेची नव्हतीच, ती होती सूज अन् दुखणं दाबणारी, फिनाइलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन, मेलॉक्सिकॅम असली. त्यानं घोडा काही झिंगत नाही, त्याला फक्त पाय दुखतोय हे कळत नाही, मग दुखऱ्या पायावर सगळा भार टाकून पळतो अन् कधीकधी हाडच मोडून बसतो.

हे मला पैसे घालवून कळलंय. दोन वर्षांखाली एका यात्रेतून घोडी घेतली, कोणत्या ते सोडा. हेड्यानं (घोड्यांच्या दलालानं) चार चकरा मारून दाखवल्या, रेवाल चाल अशी की वर बसलेल्याच्या हातातला चहा सांडू नये. मी दात पाहिले, खूर उचलून पाहिले, रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी दावणीला बघतो तर पुढचा उजवा पाय नुसता टेकवायली, भार द्यायलीच नाही, घोट्याला हात लावला तर गरम. डॉक्टर म्हणाले दुखणं जुनं आहे, सुईचा असर उतरला. मानेवर केसात हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली, तिथंच टोचली असंल म्हणाले, पण पुरावा काय? हेड्या फोनवर म्हणतो तुम्हीच पळवून पळवून पाय घालवला.

रेसकोर्सवर हे एवढं सोपं नाही. शर्यत झाली की घोड्याला वेगळ्या खोलीत नेतात, खाली गवत टाकलेलं असतं, माणूस शीळ घालत उभा राहतो अन् घोडा मुतला की काठीला लावलेल्या भांड्यात धरतो (हसू नका, खरंच शीळ घालतात). रक्त पण घेतात. नमुन्याचे दोन भाग करून दोन्ही सीलबंद, पहिल्यात काही निघालं अन् मालक नाही म्हणला तर दुसरा उघडतात. लॅबमधी मशीन आधी त्यातले पदार्थ वेगळे करते, मग एकेकाचे तुकडे पाडून त्याचं वजन बघते, त्यावरून औषध ओळखू येतं. अंगात जिरलं म्हणून सुटका नाही, फिनाइलब्युटाझोनचं शरीरात ऑक्सिफेनब्युटाझोन होतं, ते पण पकडतात. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी संघटनेच्या यादीत ठरलेल्या डोसनंतर फिनाइलब्युटाझोन ७ दिवस सापडू शकतं, मेलॉक्सिकॅम ३ दिवस. १९६८ ला अमेरिकेत केंटकी डर्बी या मोठ्या शर्यतीत पहिला आलेला डान्सर्स इमेज नावाचा घोडा याच फिनाइलब्युटाझोनमुळं अडकला अन् नंबर गेला, त्याचं पण दुखणं घोट्याचंच. आपल्याकडं दिल्लीच्या राष्ट्रीय डोप टेस्टिंग लॅबमधी खेळाडूंबरोबर घोड्यांचे नमुने पण तपासतात.

हेड्यांच्या बाजूचं पण एक सांगतो. फ्लुनिक्सिन मुतातून खालच्या गवतात उतरतं, घोडा तेच गवत खातो अन् औषध परत अंगात येतं, त्यामुळं नुसतं सापडलं की माणूस चोर असं होत नाही, किती सापडलं ते बघावं लागतं.

तर माझं म्हणणं एवढंच, मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरती, लांबलांबून घोडे येतात, तिथं सौद्याच्या वेळी डॉक्टरनं रक्ताची एक ट्यूब घ्यावी, दोघांच्या सहीनं सील करून गारव्यात ठेवावी. लगेच तपासायची गरज नाही, एवढा खर्च कोण करायलंय. घोडा घरी येऊन लंगडला तरच ट्यूब लॅबला पाठवायची, खर्च जो खोटा निघंल त्याचा. इंग्लंडात घोडा घेताना असंच रक्त काढून सहा महिने ठेवतात. ज्याच्या घोड्याला काही टोचलेलं नाही त्याला ट्यूबची भीती कामून वाटावी?

घोडी अजून माझ्याच दावणीला आहे, विकली नाही, विकायची म्हणलं तर मला पण तीच सुई मारावी लागंल. यंदा दुसरी बघायला जाणार आहे, ओळखीचे डॉक्टर अन् दोन रिकाम्या ट्यूब सोबत घेऊन. कोणता हेड्या रक्त काढू देतो ते आल्यावर कळवतो.

आपला,
एक वाचक
ता. लोहा, जि. नांदेड