लेन्स बदलण्याआधी

चि. रेणूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पक्ष्यांचे फोटो पाहिले. मोठी लेन्स घ्यावी का, हा तुझा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. बरेच फोटो पुसट आलेत, पण सगळ्यांचं दुखणं एक नाही, आणि लेन्स हे त्यातल्या फार थोड्यांवरचं औषध आहे.

प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करून बघ. फांदी, पानं, पक्षी सगळंच एका दिशेला फरफटल्यासारखं दिसलं, तर कॅमेरा हलला. फांदी स्वच्छ आणि मान किंवा पंख तेवढे पुसट, तर पक्षी हलला. पुढचं पान स्पष्ट आणि पक्ष्याचा डोळा पुसट, तर फोकस चुकला. कुठेच काही स्वच्छ नाही, कडा लाटांसारख्या, आणि एकाच बर्स्टमधला (बटण दाबून ठेवून सलग काढलेल्यांतला) प्रत्येक फोटो वेगळा वेडावाकडा, तर दोष तापलेल्या हवेचा. दुपारी पाणथळीपलीकडचा पक्षी टिपताना हे हमखास होतं. तिथे कितीही महाग लेन्स लाव, चित्र सुधारत नाही. एक तर सकाळी जा, नाहीतर अंतर कमी कर.

पहिल्या दोन्ही दुखण्यांवर इलाज शटरचा, म्हणजे उजेड आत घेण्याची वेळ कमी करण्याचा. शांत बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतं. चुळबुळ करणाऱ्या छोट्या पक्ष्याला १/१०००. उडत्याला १/२०००, आणि तो लहान असेल तर १/३२००. कॅमेरा मॅन्युअलवर ठेव, शटर तू ठरव, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) पूर्ण उघडं ठेव आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटोवर सोड. आयएसओ ३२०० झाला म्हणून घाबरू नकोस. दाणेदार फोटो नंतर बराच सुधारता येतो, हललेला नाही. उलट आयएसओ मुद्दाम कमी ठेवून काळपट काढलेला फोटो संगणकावर उजळलास, की दाणे आणखीच वर येतात.

फोकसच्या बाबतीत मात्र चिकाटी हवी. ४०० मिमी लेन्स, अॅपर्चर एफ/५.६, पक्षी पाच मीटरवर: फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात स्पष्ट येणारी जाडी जेमतेम पाच सेंटीमीटर. म्हणजे चोचीवर किंवा खांद्यावर फोकस बसला, तर डोळा निसटू शकतो. कंटिन्युअस ऑटोफोकस (पक्षी हलेल तसा सतत जुळत राहणारा फोकस) लाव. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू कर. नसेल तर एकच फोकस पॉइंट निवडून डोळ्यावर ठेव. फांद्यांच्या गर्दीत सगळे पॉइंट चालू ठेवलेस, तर कॅमेरा बहुधा सगळ्यात जवळची काडी पकडतो. तुझ्या सुतारपक्ष्याच्या फोटोत तेच झालंय.

उजेडाच्या बाबतीत एक सवय लाव: सूर्य पाठीशी. सकाळचा पहिला तास-दीड तास आणि सूर्यास्ताआधीचा तेवढाच वेळ, एवढ्यात डोळ्यात चमक येते. ती नसली की चांगला फोटोही निर्जीव वाटतो. गडद पाण्यावरचा पांढरा बगळा कॅमेरा जास्त उजळतो आणि पिसं कोऱ्या कागदासारखी होतात. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) उणे २/३ ते उणे १. ढगाळ आकाशासमोरचा पक्षी काळा पडतो. तिथे अधिक १ किंवा थोडं जास्त. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला टेकला की पांढऱ्यातला तपशील गेलाच समज. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढ, थोडी चूक सावरता येते.

आता पार्श्वभूमी. फांद्यांचं जाळं तुझ्या फोटोंत पक्ष्याला गिळतं. पक्षी तुझ्याजवळ आणि मागची झाडी त्याच्यापासून लांब, असं बघ. दोन पावलं डावीकडे सरकलीस तरी मागचं दृश्य बदलतं. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीला आण. पाणपक्ष्यांसाठी जमिनीवर आडवं पडावं लागतं, कपडे मळतात, मळू देत.

जवळ जायचं म्हणजे पाठलाग करायचा नाही. वेडा राघू आणि खंड्या ठरावीक फांदीवर पुन्हा पुन्हा येतात. ती फांदी हेरून पुरेसं दूर बस आणि वाट बघ. बहुतेक पक्षी वारा येतो त्या बाजूला तोंड करून उठतात आणि उतरतात, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी असतील तर पक्षी तुझ्याकडे तोंड करून उठेल. मान ताणली, अंग पुढे झुकलं की बर्स्ट सुरू कर; पंख उघडलेले दिसेपर्यंत थांबलीस तर उशीर होतो. घरट्यापाशी मात्र जायचं नाही, पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून त्यांना बोलवायचं नाही. पक्षी सारखा मान वळवून तुझ्याकडे बघतोय, खाणं थांबवतोय, तर तू फार जवळ गेलीस, मागे हो.

लेन्सचं गणित एवढंच: २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. पक्षी फोटोच्या रुंदीचा दहावा भाग असेल तर त्याच्या वाट्याला ६०० पिक्सेल येतात. वरचं सगळं साधूनही नेहमी एवढंच हाती येत असेल, तेव्हा लेन्सचं बघू.

पुढच्या खेपेला न कापलेल्या मूळ फाइल्स पाठव, फसलेल्यासुद्धा. कापलेल्या फोटोवरून पक्षी किती लांब होता ते कळत नाही.

तुझा,
बाबा