आईस्क्रीमच्या फ्रीझरमधले शब्दकोश

दादा,

सप्रेम नमस्कार.

ह्या आभाराच्या पत्रात नाव घालायचं नाही म्हणालात, म्हणून नुसतं दादा. दुकानाचंही नाव नको. ‘लोक म्हणतील, ह्याच्या कुल्फीत पुराचं पाणी हाय.’ बरं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये राजारामपुरीत तुमच्या दारात चिखलाने माखलेली पुस्तकं रिक्षातून उतरताना ज्यांनी पाहिली, ते ओळखायचे ते ओळखतीलच. त्याला माझा इलाज नाही.

हे पत्र खरं तर त्याच वर्षी लिहायला हवं होतं. पण काम संपल्याशिवाय आभार मानायचे नाहीत असं ठरवलं होतं, आणि काम संपायला एवढी वर्षं लागली. मधे २०२१ चा पूर येऊन गेला, तेव्हा पुस्तकं आधीच माळ्यावर होती. एवढं शहाणपण तरी आलं.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात ती ५५ च्या वर गेली. शाहूपुरीत आमच्या गल्लीत पाणी येतं हे काही नवीन नव्हतं. भिंतीवर २००५ ची खूण होती, तिच्यावर एक वीत सोडून आम्ही खालच्या फळ्या रिकाम्या केल्या आणि आपण फार हुशार आहोत असं समजून घर सोडलं. पाणी चौथ्या फळीपर्यंत आलं. चौथ्या फळीवर बाबांचे कोश होते.

दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड, १९३२ ते १९३८ मध्ये निघालेले. चित्रावशास्त्र्यांचे चरित्रकोश. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांतले जेमतेम चार. बाबा करवीर नगर वाचन मंदिराचे जुने सभासद. पण कोश घरी न्यायला मिळत नाहीत, आणि बाबांना तर रात्री अकरानंतरच शब्द अडायचे. म्हणून त्यांनी रद्दीवाल्यांकडून एकेक खंड जमवला. शब्दकोशाचा सातवा खंड सगळ्यात आधी मिळाला आणि पहिला सगळ्यात शेवटी. मास्तरकीच्या पगारात तसंच व्हायचं.

पाणी ओसरल्यावर दार ढकलून आत गेलो, तर कपाट आडवं आणि पुस्तकं फुगून त्यात घट्ट बसलेली. पहार लावून बाहेर काढली. शेजारी सगळे कागदपत्रं ओट्यावर पसरून बसले होते. कुणी सातबारा वाळवतंय, कुणी लग्नाच्या अल्बमवर इस्त्री फिरवतंय. माझ्या भावाचा पुण्याहून फोन: ‘टाक रद्दीत. सगळं नेटवर आहे.’ खरं आहे ते. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दाते-कर्वे आहेत, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, आणि मी भाषांतराचं काम करते तेव्हा दिवसातून वीस वेळा तिथे शब्द शोधते. पण बाबांनी पानांच्या समासात, कडेच्या कोऱ्या जागेत, लिहिलेलं तिथे नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

पुण्यातच माझी एक मैत्रीण जुन्या हस्तलिखितांचं जतन करते. तिने फोनवर चारच गोष्टी सांगितल्या. पुस्तक उघडू नकोस. उन्हात ठेवू नकोस. इस्त्री तर अजिबात नको. आणि सगळी एकदम वाळवता येणार नसतील तर गोठव. पाण्यातून काढलेल्या पुस्तकाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. गोठलं की ती वाढायची थांबते, शाई पसरायची थांबते, आणि आपल्याला उसंत मिळते. मी म्हटलं, आमचा फ्रीज उताणा पडलाय आणि त्यात गाळ आहे. ती म्हणाली, मग मोठा फ्रीझर असलेला माणूस शोध.

मोठा फ्रीझर म्हटल्यावर कोल्हापुरातल्या माणसाला आईस्क्रीमवालाच आठवणार. बाबा आम्हाला वार्षिक परीक्षेनंतर तुमच्या वडिलांच्या काळात तुमच्या दुकानात कॉकटेल आईस्क्रीम खायला आणायचे, तेवढीच आपली ओळख. मी चिखलाच्या साडीत दुकानात येऊन उभी राहिले आणि विचारलं, ‘पुस्तकं ठेवाल का?’ हा प्रश्न किती वेडगळ आहे ते तुमच्या नोकराच्या तोंडाकडे बघून कळलं. तुम्ही मात्र एवढंच विचारलंत, ‘किती हाईत?’ आणि मग, ‘आणा की. दूध न्हाई, आईस्क्रीम हुणार न्हाई. फ्रीझर मोकळाच हाय.’

पुढचं तुमच्या हातचं काम मी विसरणार नाही. मैत्रिणीने सांगितलं होतं की पुस्तक मिटलेलंच धरून स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने धुवायचं. तुम्ही दुधाचे क्रेट घासून आणलेत, टाकी भरलीत आणि तान्ह्या पोराला अंघोळ घालावी तसा एकेक खंड दोन्ही हातांत धरलात. बटर पेपरची युक्ती तुमचीच. ‘गुंडाळलं न्हाई तर एकमेकाला चिकटतंय, कुल्फीचा अनुभव हाय.’ पुस्तकाची पाठ खाली करून क्रेटमध्ये ओळीनं लावली, आणि प्रत्येक पुडक्यावर तुम्ही मार्करनं खंडाचा आकडा टाकलात. चौथ्या खंडाखाली तुमच्या पोरानं लिहिलं होतं, ‘खाऊ नये.’ तो बटर पेपर मी जपून ठेवलाय.

दसऱ्याला श्रीखंडाची गर्दी, दिवाळीला ऑर्डरी, तरी ते दोन क्रेट तुम्ही हलवले नाहीत. लाइट बिलाचं विचारलं तर ‘फ्रीझर चालूच असतोय की’ म्हणून विषय मिटवलात. उत्तर बरोबर असेलही. पण धंद्याच्या दिवसांत फ्रीझरमधली एवढी जागा म्हणजे पैसाच, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

मी दर पंधरा दिवसांनी एक खंड न्यायची. आधी घरात सावकाश वितळू द्यायचा, मग टेबलफॅनच्या वाऱ्यात उभा करायचा, वीसेक पानांमागे एक टीपकागद, तो ओला झाला की दुसरा. टीपकागद संपले तेव्हा कोरा न्यूजप्रिंट. छापील वर्तमानपत्र चालत नाही, त्याची शाई उमटते. १९३० च्या सुमाराचा हा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल, त्यामुळे तो नुसता कपाटात ठेवला तरी पिवळा पडून तुकडे होतो. ओला असताना तर साय उचलावी तसं पान उचलावं लागतं.

तिसरा का चौथा खंड असेल. रात्री पान सुटं झालं आणि समासात निळा ढग दिसला. बाबा कोशाच्या समासात आपले शब्द लिहून ठेवायचे. शाळा करवीर तालुक्यात खेडोपाडी, त्यामुळे गुऱ्हाळं, तालमी, बैलबाजार, जिथे जातील तिथून शब्द आणायचे. कोशकारांनी वऱ्हाडी शब्दापुढे (व.) आणि गोमंतकीपुढे (गो.) असं कंसात घातलंय, तर बाबा आपल्या नोंदीपुढे गावाचं नावच घालायचे. सुरुवातीची वर्षं ते फाउंटन पेनने लिहायचे. ते सगळं गेलं. पानापानावर नुसते निळे ढग. मी त्या रात्री पंखा बंद करून बसून राहिले.

आणि चार पानं पुढे, ‘च’च्या पानांत, ‘चुलवाण’ (गुऱ्हाळातली मोठी चूल) या शब्दाशेजारी पेन्सिलीने, अगदी स्पष्ट: ‘वडणगे, १९८१. जाळ घालणारा वेगळा, गुळव्या वेगळा. मळी काढायला रानभेंडीचं पाणी. गुळव्या पाक पाण्यात टाकून गोळी करून बघतो, तोवर कोणी बोलत नाही.’ जुन्या कागदावर शाई फुटते म्हणून बाबांनी पुढे पेन्सिल धरली होती. पेन्सिलीचं शिसं पाण्यात विरघळत नाही. पाच दिवस पंचगंगेत आणि चार महिने तुमच्या फ्रीझरमध्ये राहून अक्षर जसंच्या तसं. तेव्हापासून मी पुस्तकात पेनाने एक टिंबही काढत नाही.

सगळं वाचलं असं नाही. चकचकीत कागदाचा एक ॲटलास विटेसारखा झाला. त्या कागदावरचा लेप ओला झाला की पानं चिकटतात ती चिकटतातच. ज्ञानकोशाचा एक खंड मी स्वतःच घाईने उघडून फाडला, त्याचा दोष पुराला देता येत नाही.

वाळलेले खंड मंगळवार पेठेतल्या बाइंडर मामांकडे नेले. मामा जुन्या वळणाचे, जुजबंदी शिवण घालणारे, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने शिवणारे. फक्त खळीवरून आमचं वाजलं. त्यांच्या खळीत मोरचूद असतो, कसर लागू नये म्हणून, आणि मैत्रीण म्हणे मोरचूद कागदाला खातो. शेवटी नुसत्या मैद्याची खळ झाली. ‘किडं लागलं तर माझ्याकडं यायचं न्हाई,’ एवढं सुनावून मामांनी शिकंजा आवळला.

समासाच्या नोंदी असलेली पानं मी एकेक करून स्कॅन केली आणि नोंदी गावानुसार टाइप करून काढल्या. ‘च’पासून ‘ळ’पर्यंत बऱ्याच वाचल्या. ‘अ’ ते ‘ग’मधल्या नोंदी पेनाने केलेल्या, म्हणजे ढग. स्कॅन आता तीन ठिकाणी ठेवलेत, त्यातलं एक पुण्यात, नदीपासून लांब. हो, भावाकडेच. त्याने काही न बोलता ठेवून घेतलं.

टाइप केलेल्या वहीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव घालणार होते. ‘माझं काय त्यात, मी थंड ठेवलं,’ म्हणालात. म्हणून तिथे ‘राजारामपुरीतले दादा’ एवढंच घातलंय. ते खोडायला सांगू नका, पेन्सिलीने लिहिलेलं नाही.

तुमचे दोन क्रेट अजून माझ्याकडेच आहेत. धुऊन ठेवलेत. येत्या रविवारी संध्याकाळी घेऊन येते, वहीची एक प्रतही आणते. वरण्याची रोपं ठेवायला कामाला येतील म्हणून आमच्या ह्यांचा त्यांच्यावर डोळा आहे, तेव्हा लवकर आणलेले बरे. आणि कॉकटेल खाणार ते पैसे देऊन. त्या दिवशी तरी नाही म्हणू नका.

तुमची,
पुस्तकवाली ताई
शाहूपुरी, कोल्हापूर