ग्रिफिथच्या वह्या आणि सिंगफोंचा चहा

प्रिय सुऱ्या,

परवा फोनवर विचारलंस ना की इंग्रजांच्या झाडपाल्याच्या जुन्या वह्या वाचून तुला मिळतं तरी काय, तेव्हा मी घाईत होतो, आता सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस, विषय चहाचाच आहे.

१८२६ला यांदाबोचा तह झाला आणि आसाम ब्रह्मदेशाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं. पण आसामच्या पूर्व टोकाच्या सदियाच्या पुढे सगळा मुलूख सिंगफो, खामती, मिश्मी लोकांचा, तिथे कंपनीचा हुकूम फक्त कागदावर. त्यात चीनबरोबरच्या चहाच्या धंद्यातली मक्तेदारी गेली, मग १८३४ला गव्हर्नर जनरल बेंटिंकने चहासाठी कमिटी नेमली आणि पुढच्या वर्षी तिघांना आसामात धाडलं. कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख वॉलिच, दगडमातीतला जाणकार मॅक्लेलंड आणि मद्रासच्या नोकरीतला सर्जन विल्यम ग्रिफिथ, वय जेमतेम पंचवीस. वॉलिच आणि ग्रिफिथचं अजिबात जमलं नाही, आणि मला विचारशील तर ते बरंच झालं, कारण भांडणारी माणसं जास्त लिहून ठेवतात.

कमिटीने आसामात चहा मूळचाच आहे असं १८३४च्या डिसेंबरात थाटात जाहीर केलं होतं. अरे पण सिंगफो तो कधीपासून पीत होते, पानं भाजायची, वाळवायची, बांबूच्या नळीत ठासून धुरावर ठेवायची. बीसा गाम नावाच्या त्यांच्या प्रमुखाने रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला १८२३च्या सुमारास ही झाडं दाखवली आणि ब्रूसला त्याच्यापर्यंत पोचवणारा आसामी मणिराम दिवाण, ज्याला १८५८ला इंग्रजांनीच फाशी दिलं. कागदोपत्री शोध मात्र साहेबांचा. १८४३ला सिंगफोंनी उठाव केला, त्यामागे चहासाठी गेलेली जमीन हे एक कारण होतं आणि त्यांच्या गुलामांना सोडवलं हे दुसरं, म्हणजे तेही काही साधुसंत नव्हते.

आता ग्रिफिथ. १८३६च्या शेवटी तो लोहित नदीच्या काठाने मिश्मी डोंगरात शिरला आणि तिथे त्याला सॅप्रिया हिमालयाना नावाचं परजीवी झाड सापडलं, हे तुला आवडणार बघ. पान नाही, खोड नाही, रानद्राक्षाच्या वेलीच्या मुळांत लपून राहतं आणि एक दिवस जमिनीतून वीतभर रुंदीचं लालभडक फूल, त्यावर पिवळसर ठिपके आणि सडक्या मांसाचा वास. आपलं बांडगूळ निदान हिरवं असतं, याने तर लाजच सोडलीय. सुमात्राच्या त्या प्रचंड राफ्लेसिया फुलाच्या कुळातलं आहे म्हणे, आणि ग्रिफिथने त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं १८४४ला.

ग्रिफिथच्या वह्यांत एका ओळीत वनस्पती असते आणि दुसऱ्या ओळीत वाट कशी, नदी कुठे उतरता येते, गावात घरं किती, पारा किती. मिश्मींनंतर हुकॉंग खोऱ्यातून थेट ब्रह्मदेशातलं आवा, मग कंपनीच्या पेंबर्टनच्या वकिलातीबरोबर भूतान, मग १८३९ला कंपनीच्या ‘सिंधू फौजे’मागून अफगाणिस्तान. कंपनीला जिथे शिरायचं होतं तिथेच याची दाबलेली पानं गोळा झाली आहेत! म्हणून माझं म्हणणं एवढंच की हे कागद नुसते वनस्पतीवाल्यांनी वाचून उपयोग नाही आणि नुसते इतिहासवाल्यांनीही, सरहद्दीच्या फायली शेजारी ठेवून वाचायला हवेत, म्हणजे कुठलं झाड का सापडलं ते कळतं.

माणूस मात्र हट्टी. वॉलिच रजेवर गेल्यावर कलकत्त्याची बाग याच्या ताब्यात आली तर पठ्ठ्याने शास्त्रीय मांडणी करायची म्हणून जुनी झाडं तोडली, नंतर १८४८ला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर आला तेव्हा त्याने त्यावर हळहळ व्यक्त केलीय. ग्रिफिथ १८४५ला मलाक्कात वारला, चौतिसाव्या वर्षी. वह्या मॅक्लेलंडने १८४७ला छापून काढल्या, पण त्याचे वनस्पतींचे नमुने लंडनला कंपनीच्या तळघरात पडून राहिले आणि १८५८ला कुठे लंडनच्या क्यू बागेत पोचले.

स्कॅन केलेली पीडीएफ मेलवर टाकतोय, छपाईत नावांची स्पेलिंगं जागोजागी गंडलीयत तेवढं सांभाळून घे. आधी मिश्मींचा भाग वाच, अफगाणिस्तान नंतर. आणि तू वर्षअखेरीस कोलकात्याला जाणारच आहेस तर शिबपूरच्या बागेत, म्हणजे वॉलिच-ग्रिफिथच्या त्याच बागेत, अर्धा दिवस काढ, जुन्या नोंदी बघायला कुणाची परवानगी लागते तेवढं विचारून ये ना, त्याबद्दल माझ्याकडून तुला जेवण.

वहिनींना नमस्कार, पिंकीला गोड पापा.

तुझा,
मंद्या