चुकीच्या आट्यांचे बेस नट, उलट्या अर्थिंगचा बल्ब आणि जास्तीचा व्हॅट याबद्दल तक्रार

प्रति,
एक्सपोर्ट डेस्क, कस्टमर सर्व्हिस

नमस्कार ताई,

परवा फोनवर तुम्ही मराठी निघालात म्हणून हे मराठीतच लिहितोय, इंग्रजीत मला इतकं मोकळेपणाने भांडता येत नाही. तुमच्यावर राग नाहीये, तुम्ही बिचाऱ्या नीट बोललात. पण हे पत्र तुमच्या मॅनेजरला आणि गोडाऊनमधून पार्ट काढून देणाऱ्या माणसाला जसंच्या तसं सांगा, गोड करून नको.

गाडी १९६६ ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२०, ब्रिटिश मोटरसायकल. ऑर्डर करताना डीयू ने सुरू होणारा इंजिन नंबर दिला होता, वर रिमार्कच्या रकान्यात वेगळं लिहिलं होतं की सिलिंडरचे बेस नट सायकल थ्रेडचे हवेत, म्हणजे ३/८ इंची नटला दर इंचात २६ आटे. तुमच्याकडून कन्फर्मेशन पण आलं, "तुमच्या इंजिन नंबरप्रमाणे पार्ट तपासले आहेत" असं त्यात चक्क लिहिलंय, मेल जपून ठेवलाय. आणि पार्सलमध्ये निघाले यूएनएफचे, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या बारीक आट्यांचे, इंचात २४ वाले.

मला कसं कळलं ते सांगतो, कारण तुमचा टेक्निकलवाला फोनवर मलाच विचारत होता की तुम्ही कशावरून म्हणता. नट बोटाने स्टडवर, म्हणजे इंजिनात रोवलेल्या आट्यांच्या दांड्यावर, चढवला, दोनेक वेढे मस्त गेला, मग जागेवर थांबला. स्टड ब्रशने साफ केला, तेल लावलं, दुसरा नट घेतला, तोही तिथेच थांबला. मग डब्यातून एक यूएनएफचा बोल्ट काढला, त्यावर तोच नट शेवटपर्यंत सरसर गेला. त्या बोल्टला थ्रेड गेज लावला तर २४, माझ्या स्टडला लावला तर २६. आता यात आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?

यावर तुमच्या टेक्निकलवाल्याचं पहिलं उत्तर, "नवीन नट जरा टाइट असतात, पान्याने जोर लावा." अहो काय बोलताय? जोर लावला असता तर स्टडचे आटे मेले असते, आणि तो स्टड ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या डब्यात, बसलेला आहे, म्हणजे इंजिन परत खाली. दुसरं उत्तर त्याहून भारी, "तिथल्या मेकॅनिककडून २६ चा टॅप मारून घ्या." टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार, २४ आट्यांच्या नटमध्ये २६ चा फिरवला की ना २४ राहत ना २६, नुसता भुगा पडतो. असे आठ नट तो बिडाचा सिलिंडर क्रँककेसवर धरून ठेवतात आणि प्रत्येक स्फोटाला ते सगळं वर उचलायला बघतं, तिथे अर्धवट धरलेले आटे चालतील असं पार्ट विकणारा माणूस म्हणूच कसा शकतो हे मला खरंच कळत नाही.

मूळ घोळ तुमच्या कॅटलॉगमध्येच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे एक फोटो आणि खाली "६५० ट्विन, १९६३ ते १९७०" एवढंच. पण साठच्या दशकाच्या शेवटाकडे ट्रायम्फने हळूहळू जुने आटे सोडून यूएनएफ घ्यायला सुरुवात केली, सगळं एका दिवसात बदललं नाही, त्यामुळे त्या काळातल्या एकाच गाडीवर दोन्ही सापडतात. १९६६ आणि १९७० ची गाडी लांबून सारखी दिसते म्हणून नटही सारखे असं नसतं. वर २६ आणि २४ डोळ्यांनी बघून ओळखू येत नाही. हे मी तुम्हाला शिकवायचं म्हणजे कठीणच आहे, तुम्ही त्या देशात बसलाय जिथे ही गाडी बनली. ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना १९८३ ला बंद पडला, आमच्यासारख्या बाहेरच्यांना तुमच्यासारख्यांच्याच तोंडाकडे बघावं लागतं, म्हणून तर इंजिन नंबर विचारता ना? मग विचारून करता काय त्याचं?

बल्बचं थोडक्यात. टेललॅम्पचा एलईडी "पॉझिटिव्ह अर्थ" असं लिहून मागवला होता, आला निगेटिव्ह अर्थचा. माझ्या गाडीत बॅटरीचा प्लस फ्रेमला आहे, कंपनीतून आली तशी. साध्या फिलामेंटच्या बल्बला कुठली वायर कुठे याने फरक पडत नाही पण एलईडी उलटा जोडला की लागतच नाही. पाकिटावर निगेटिव्ह छापलेलं आहे हो, वाचलं असतं तरी पुरे होतं.

पिस्टन मात्र बरोबर आलेत, ७१ एमएमच्या बोअरला २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ओव्हरसाइज, मोजून बघितले, रिंगा पण व्यवस्थित, पॅकिंग छान होतं. चांगल्याला चांगलं म्हणायला माझी ना नाही.

आता पैशाचं. तुमच्या बिलात २० टक्के व्हॅट लावलाय. तुम्ही स्वतः ब्रिटनबाहेर थेट पाठवलेल्या मालावर हा व्हॅट शून्य दराने लागतो, पत्ता तर तुमच्याच लेबलवर परदेशातला छापलाय. इथे पार्सल सोडवताना मी इथली ड्युटी आणि टॅक्स वेगळा भरला, तोही तुमच्या व्हॅटसकट झालेल्या आकड्यावर, कारण कस्टमच्या फॉर्मवर तुम्ही तोच आकडा टाकलात. म्हणजे टॅक्सवर टॅक्स. फॉर्मवर मालाचं वर्णन फक्त "ॲक्सेसरीज", त्यामुळे ते लोक विचारत बसले की आत आहे काय, आणि पार्सल तिथेच पडून राहिलं.

आणि गंमत म्हणजे तुमची रिटर्नची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजता, पार्सल हातात पडल्यापासून नाही! ते कस्टममध्ये लोळत होतं तेव्हा मी घरी बसून नट तपासणार होतो का? तुमच्या गावातला ग्राहक दुपारी दुकानात येऊन नट बदलून नेतो, आमचं तसं नाही, एका चुकीच्या नटापायी इंजिन उघडं, वर कापड टाकलेलं, पिस्टन डब्यात आणि सगळं काम ठप्प. रिटर्नचं शिपिंगही मीच भरायचं असं तुमचा माणूस म्हणाला. ते मी भरणार नाही. चूक तुमची आहे, प्रीपेड लेबल तुम्ही पाठवा आणि त्यावर "परत केलेला माल" असं स्पष्ट लिहा, नाहीतर तिकडचे कस्टमवाले तुमच्याकडे ड्युटी मागतील आणि ती तुम्ही परत माझ्या नावावर टाकाल.

तर मला सायकल थ्रेडचे २६ आट्यांचे आठही नट आणि पॉझिटिव्ह अर्थचा बल्ब तुमच्या खर्चाने पाठवा, कुरियरने, साध्या पोस्टाने नको. या वेळी कस्टमच्या फॉर्मवर प्रत्येक पार्टचं नाव लिहा आणि हे बदली म्हणून फुकट पाठवतोय हेही लिहा. व्हॅट पूर्ण परत करा, ज्या कार्डावरून घेतलात त्याच कार्डावर, स्टोअर क्रेडिट मला नकोय. व्हॅटपायी मी इथे जो जास्तीचा टॅक्स भरला त्याची पावती सोबत जोडलीये, तो फरकही तुम्हीच द्यायचाय.

नट पाठवायच्या आधी २६ आट्यांच्या बोल्टवर चढवून त्याचा फोटो मला मेल करा, मी हो म्हटल्याशिवाय पार्सल बंद करू नका. उत्तर लेखी द्या, फोन नको, टेक्निकलवाल्याचा तर नकोच. पुढच्या आठवड्यात काहीच कळलं नाही तर मी कार्डाच्या बँकेकडे पेमेंटची तक्रार टाकणार आहे, तुमचा कन्फर्मेशनचा मेल आणि गेज लावलेले फोटो तयार ठेवलेत.

कळावे,
तुमचा (अजून तरी) ग्राहक